आधी काख पाहा

१८ मे. गाद्या पिंजायला काढल्या. दरवर्षी काढीन म्हणते आणि राहून जातं. यंदा रविवारची सुट्टी आणि दारात पिंजारी असं दोन्ही एकदम जुळलं. अकोल्याचं ऊन, सकाळीच अंगणात पाय ठरत नव्हता. पिंजाऱ्यानं हातगाडीवरचं मशीन लिंबाखाली लावलं, मी खोळी उसवून दिल्या. आतला कापूस दडपून दडपून विटेसारखा झाला होता.

"बाई, याच्यावर माणसं झोपत होते का पोते ठेवत होते?" त्यानं विचारलं.

"माणसंच. तू पिंज."

कुठला म्हणून विचारलं तर बाळापूरचा निघाला. मग मी सहज विचारलं, बाळापूरच्या पिंजाऱ्यांत एक खुर्शीद सिस्टर होत्या, अमरावतीला दवाखान्यात नोकरीला, ओळखतोस का? त्यानं मशीन बंद केलं.

"खुर्शीदआपा? आमच्याच गल्लीत राह्यतात. पण डोळ्यानं बेजार हायेत आता. सावली तेवढी दिसते म्हणतात. माणूस आवाजावरून वळखतात."

माझ्या ओळखीत डोळ्यांवर जगलेलं एकच माणूस होतं, ते म्हणजे खुर्शीद सिस्टर. दुपारच्या एसटीनं बाळापूरला जायचं मी तिथेच ठरवलं. अकोल्यात राहून इतक्या वर्षांत एकदा गेले नव्हते.

*

अमरावतीतल्या एका धर्मादाय इस्पितळात त्या आयसीयूच्या इनचार्ज होत्या. आठ खाटांचा विभाग. मी तिथे नर्स म्हणून नवी लागले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. बुटक्या, रुंद हाडाच्या, चालणं इतकं भराभर की पदर कायम मागे राही. हातात काचेच्या बांगड्या असत, पण त्या फाटकापर्यंतच. आत आल्या की बांगड्या काढून सेफ्टी पिनेत ओवून पर्समध्ये. मनगटावर नवऱ्याचं जुनं घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला. नाडी मोजताना हात वळवावा लागू नये म्हणून.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. कारणं सांगणारे पुष्कळ होऊन गेले, मी त्यात पडत नाही. आमच्यापुरतं एवढंच की पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याला लागून फवारणी सुरू झाली की आमच्या निम्म्याहून जास्त खाटा कीटकनाशकानं भरत. कुणी प्यालेलं असे, कुणाच्या अंगात फवारताना भिनलेलं. आमच्याकडे त्या विषालाही औषधच म्हणतात, त्यामुळे नातेवाइकांना 'औषध घेतलं का' हे विचारतानासुद्धा जपून विचारावं लागे.

सिस्टर ड्युटीवर आल्या की फाइल उघडत नसत. खाटेजवळ जाऊन आधी वास घेत. मग पेशंटचा दंड उचलून काखेत बोटं घालत. नव्या मुलींना हे पाहून कसंसंच होई. मलाही झालं होतं.

"काय वं, नाक काहून मुरडून राहिली?" त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "या विषात माणूस आतून पाझरते. लाळ, घाम, छातीत पानी. आपण जे अट्रोपिन देतो त्यानं सुकते. पुरलं का नाई पुरलं ते काख सांगते. काख कोरडी, तं तू बरोबर. काख ओली, तं तुही फाइल कितीबी सुंदर लिहिली असन, तू चुकली. आधी काख पाहा, मग बोल."

अट्रोपिन कमी पडलं तर पेशंट स्वतःच्याच पाण्यात बुडतो. जास्त झालं तर ताप चढतो, तोंड लाकडासारखं कोरडं पडतं आणि माणूस भ्रमात जातो. या दोन्हींच्या मधली वाट अरुंद असते, आणि माणसागणिक, तासागणिक ती बदलते. खुर्शीद सिस्टर त्या वाटेवरून रोज सहा-सात जणांना चालवत नेत.

पेशंट आला की त्याला धुणं हे त्यांचं दुसरं वेड. कपडे कापून बाहेर. मग साबण, बादली आणि सिस्टर स्वतः. नखं, कानामागे, केसांची मुळं. "बेंबी धुतली का?" हा प्रश्न त्या डॉक्टरांसमोरही खणखणीत आवाजात विचारत. अंगावर राहिलेलं विष कातडीतून आत जात राहतं, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण बेंबीपर्यंत कुणी जात नाही.

आणि एक कायदा होता. त्यांच्या पाळीत कुणी पेशंटला 'का प्यालास' विचारायचं नाही. एकदा एका नवीन मुलीनं, बऱ्या होत आलेल्या एका माणसाला, अगदी मायेनं विचारलं, "काहून पेलं हो भाऊ असं?" त्यानं तोंड भिंतीकडे केलं. सिस्टर दोन खाटा सोडून सलाइन लावत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "तू नर्स हायेस का पोलीस? त्याले ज्याले सांगाचं त्याले तो सांगन. आपण इचाराचं, लघवी झाली का. झाली का हो?"

भिंतीकडे तोंड केलेला माणूस म्हणाला, "झाली."

"किती?"

"आता मोजाची बी होती काय?"

आख्खा विभाग हसला. तोही हसला, आल्यापासून पहिल्यांदा. सिस्टर हसल्या नाहीत. "हो, मोजाची होती," म्हणाल्या आणि खाटेला भांडं अडकवून गेल्या.

'आता देवाच्या हातात' हे वाक्य त्यांना चालत नसे. तसं नमाज चुकवायच्या नाहीत, रोजे धरून दिवसभर उभ्या राहायच्या. पण नर्सच्या तोंडून ते वाक्य आलं की तडकत. "सगळं त्याच्याच हातात असतं तं मले पगार काहून देतात? तो आपलं काम करते, तू आपलं कर."

मशीन वाजायला लागलं की नवीन मुली मशीनकडे धावतात, बटणं दाबतात. सिस्टर म्हणत, "मशीन म्हणजे दारातलं कुत्रं. भुकलं तं कुत्र्याकडे नाई पाहाचं, दाराकडे पाहाचं. कोन आलं ते पाहाचं." मी पुढे ज्यांना शिकवलं त्यांना हे वाक्य जसंच्या तसं दिलं. माझं म्हणून दिलं नाही, त्यांचं नाव सांगून दिलं.

मशीन काही वेळा भुंकतही नसे. त्या काळी दिवसाचे कित्येक तास वीज जायची. आमच्याकडे जनरेटर होता, पण एका भर दुपारी तोही बसला. तीन पेशंट व्हेंटिलेटरवर आणि आम्ही चार जणी. अशा वेळी तोंडातल्या नळीला रबरी फुगा लावून तो हातानं दाबत राहायचा असतो. सिस्टरांनी दार उघडून व्हरांड्यातल्या नातेवाइकांना हाक मारली. "चपला काढा. हात धुवा. तिघं जण या." तिघं आले. एक भाऊ, एक मुलगा, एक मामा. मी भावाला त्याच्या बहिणीच्या खाटेकडे नेऊ लागले तर सिस्टरांनी मला थांबवलं आणि तिघांची अदलाबदल केली. प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याचा पेशंट.

तो भाऊ फुगा कधी दाबायचा, किती दाबायचा विचारत राहिला. सिस्टर त्याला म्हणाल्या, "तुले श्वास येते ना? मंग तू घेतला का त्याले दे. बस. याच्यापेक्षा जास्त डोकं नको लावू."

वीज येईपर्यंत ते तिघं दाबत राहिले. आपल्या माणसाकडे मान वळवून पाहत, आणि हात परक्याला श्वास देत. नंतर मी अदलाबदलीचं विचारलं.

"सख्खा माणूस घाबरते, लय जोरानं दाबते, मधीच रडाले लागते," त्या म्हणाल्या. "परक्याले चाल सापडते."

त्यांच्या घरचं मला फारसं माहीत नाही. नवऱ्याचं मिरचीचं छोटं दुकान होतं, मुलं शिकत होती, बाळापूरला वडील अजून गाद्या भरत. त्या स्वतः कापूस हातात घेतला की गप्प होत, बोटांनी उकलत राहत, आमच्या ड्रेसिंगच्या कापसाला 'हा काय कापूस हाय, हा तं कागद हाय' म्हणत. एवढंच.

*

भ्रमात गेलेल्या माणसाची बोटं हवेत काहीतरी खुडत राहतात. चादर चिमटीत धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. अट्रोपिन जास्त झाल्याची ती एक खूण असते. पुस्तकात तिला लांबलचक नाव आहे. आमच्या विभागात 'वेचून राहिला' म्हणत. हे नाव खुर्शीद सिस्टरांनीच पाडलेलं. ज्यांनी आमच्या बायांना कापूस वेचताना पाहिलंय त्यांना सांगायला नको, बोटं हुबेहूब तशीच चालतात. शब्द इतका चपखल होता की डॉक्टरही वापरू लागले. पाळी बदलताना "खाट पाच वेचून राहिली" एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नसे.

भातकुलीकडच्या एका गावाहून सुनंदा आली. असेल पंचविशीची. दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारणीला गेली होती. नवऱ्याच्या पाठीवर पंप आणि ही पाणी आणून औषध कालवून देणारी. उघड्या हातांनी. पंपही गळका, मध्ये काही वेळ तिनं तो स्वतःच्या पाठीवर घेतला होता. संध्याकाळपर्यंत डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तोंडाला फेस. आमच्याकडे आली तेव्हा श्वास घेणं सुटत चाललं होतं. नळी घातली, मशीनवर ठेवली, धुतली, अट्रोपिनचं सलाइन डाव्या हाताच्या पाठीवर लावलं. हलवू नये म्हणून त्यावर पट्टी गुंडाळली.

बाहेर तिचा नवरा, थोरला दीर आणि सासू. नवऱ्याच्याही अंगात थोडं विष भिनलेलं होतं, तो भिंतीला टेकून बसून राही. बोलायचं काम दिराकडे. सासू काळी, काटक, कपाळावर मोठं कुंकू, कुणाशीही न बोलता दाराच्या काचेतून खाट तीनकडे पाहत उभी.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाची बोटं चालू झाली. उजव्या हातानं चिमटी करायची, डाव्या पट्टीवर न्यायची, उचलायची, पुन्हा न्यायची.  पाळी देणारीनं सांगितलं, "खाट तीन वेचून राहिली." सिस्टरांनी खाटेच्या पायथ्याशी उभं राहून एक नजर टाकली, बोटं पाहिली आणि फोन उचलून डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, तीन नंबर वेचून राहिली."

डॉक्टर खाली ओपीडीत होते. मेहनती माणूस, सिस्टरांवर पूर्ण भरवसा. म्हणाले, अट्रोपिन अर्ध्यावर आणा.

अर्ध्यावर आणलं, आणि पट्टी ओढेल म्हणून तिचे हात गॉजनं सैल बांधले. काख कुणी पाहिली नाही.

दुपारपर्यंत सुनंदाच्या नळीतून पाणी ओढून ओढून ओढायच्या मशीनची बाटली भरली. नाडी उतरायला लागली, ओठ निळे. मशीन भुंकू लागलं. सिस्टर धावत आल्या आणि त्यांनी पहिल्यांदा तिचा दंड उचलला. काखेतून काढलेला स्वतःचा हात त्यांनी क्षणभर तसाच धरला. ओला होता, ओघळत होता. मग त्यांनी डाव्या हाताची पट्टी फाडली. हात कोपरापर्यंत टम्म सुजलेला, चकचकीत. सुई नसेतून कधीच सरकली होती. अट्रोपिन रक्तात न जाता मांसात मुरत होतं. सुनंदाला जास्त झालेलं नव्हतं, तिला पुरेसं मिळतच नव्हतं. ती वेचत नव्हती. दुखतंय तिथे बोट नेऊन दाखवत होती, आणि आम्ही तिचे हात बांधले होते.

पुढची घटका कशी गेली ते सविस्तर सांगत नाही. उजव्या हातात दुसरी सुई, अट्रोपिनच्या सिरिंजवर सिरिंज, डॉक्टर जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या चढत आले. मध्ये नाडी इतकी बारीक झाली की सिस्टरांनी छाती दाबायला सुरुवात केली. मग हळूहळू नाडी परतली, पाणी ओसरलं. काख कोरडी होईपर्यंत सिस्टरांनी तिथून बोटं काढली नाहीत.

वाचली होती, पण जेमतेम. बरं होण्यापासून सकाळी जितकी लांब होती त्यापेक्षा बरीच जास्त लांब गेली होती.

सिस्टरांनी हात धुतले आणि दाराकडे निघाल्या. डॉक्टरांनी विचारलं, "कुठे?"

"तिच्या सासूले सांगाले."

"सिस्टर, आत्ता नाही. दीर आधीच नागपूरला नेतो म्हणतोय. हे ऐकलं तर आजच उचलून नेतील. त्यांना मिळेल त्या गाडीत मशीन नसेल. ती वाटेतल्या तिवश्यापर्यंतसुद्धा पोचणार नाही."

डॉक्टरांचं चूक नव्हतं. मला तेव्हाही तसंच वाटलं होतं. खरं सांगण्याची किंमत सिस्टरांना नाही, सुनंदाला पडणार होती. सिस्टर दाराशी थांबून वळल्या. मग म्हणाल्या, "सर, तुमी म्हणता ते खरं हाय. पण आता सासू मले इचारन, हात काहून सुजला. मी काहीतरी सांगीन. उद्या पुन्हा काहीतरी इचारन. दोन-दोन गोष्टी माह्या ध्यानात राहत नाईत. आधीच एक गोष्ट ध्यानात नाई राहिली, त्याच्यानं हे झालं."

 डॉक्टर सोबत आले. मीही दारापाशी गेले.

ड्युटीवर सिस्टर कधी बसत नसत. त्या दिवशी त्या व्हरांड्यातल्या फरशीवर सासूसमोर मांडी घालून बसल्या.

"माय, तुमच्या सुनेच्या हातातली सुई सरकली होती. औषध आत जात नव्हतं. ती बोटानं तेच दाखवत होती. मले वाटलं, भ्रमात हाय. मी सायबाले तसं सांगतलं, म्हणून त्याईनं औषध कमी केलं. त्याच्यानं तिची तब्येत लय बिघडली. आता नाडी हाय, पण धोका वाढला. चूक माही हाय."

दीर उठून उभा राहिला. "म्हणजे तुमी मारलं तिले?"

"मेली नाई. मरता मरता राहिली."

"गाडी पाहा रे," तो भावाला म्हणाला. "नागपूरले नेतो. इथं नाई ठेवत."

"नेऊ शकता," सिस्टर म्हणाल्या. "पण ती मशीनवर हाय. गाडीत मशीन नसन तं रस्त्यातच जाईन. हे मी माही चूक झाकाले नाई सांगून राहिली. खरं हाय म्हणून सांगून राहिली."

"आता तुमचं खरं कोनतं अन् खोटं कोनतं, आमाले कसं समजावं?"

  व्हरांड्यातले बाकीचे नातेवाईक जवळ सरकले होते. त्या काळात असल्या प्रसंगी काचा फुटत, आणि मला दारापुढच्या टेबलावरचा ट्रे आत घ्यावासा वाटला.

सासूनं पहिल्यांदा तोंड उघडलं. सिस्टरांशी नाही, मुलाशी.

"समजाले काय झालं? खोटं बोलाचं असतं तं पहिलेच बोलली असती. येऊन कोन सांगते असं?"

"माय, तू गप. तुले काय समजते याच्यातलं?"

"तुले समजते? सांग मंग, नागपूरवाल्याले कसं मालूम पडन कुठं बिघडलं ते? त्याले पहिल्यापासून शोधा लागन. हिले मालूम हाय." मग ती सिस्टरांकडे वळली. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. "माही सून तुले सांगून राहिली होती, तुले समजलं नाई."

"नाई समजलं."

"आता समजलं ना?"

"समजलं."

"मंग जाय ना आत! इथं काहून बसली?"

सिस्टर उठल्या आणि आत गेल्या. गाडी आली नाही. दीर संध्याकाळपर्यंत पायऱ्यांवर बसून राहिला. चहावाला आला तेव्हा त्यानं आईला चहा नेऊन दिला, तिनं अर्धा बशीत ओतून त्यालाच परत दिला.

त्या दिवशी सिस्टर पाळी संपल्यावर थांबतील असं आम्हाला वाटलं होतं. थांबल्या नाहीत. पुढच्या पाळीच्या नर्सला खाटेजवळ उभं करून बोटा-बोटाचं सगळं समजावलं, सासूला 'मी जाऊन राहिली, सकाळी येतो' सांगितलं आणि बांगड्या घालून निघाल्या. मी आश्चर्यानं पाहिलं तर म्हणाल्या, "थकलेली नर्स काय कामाची वं? दुसरी चूक करू काय?"

सुनंदा आणखी बरेच दिवस मशीनवर राहिली. मधे न्यूमोनिया झाला, ताप हटेना. सिस्टरांचं काख तपासणं सासू काचेतून पाहत होती. रोज सकाळी दारात ती सिस्टरांना एकच विचारी, "काख?" सिस्टर म्हणत, "कोरडी." मग दोघी आपापल्या जागी जात. शेवटी नळी निघाली. डाव्या हाताच्या पाठीवरची कातडी काळी पडून गळाली होती, तिथे रुपयाएवढा व्रण राहिला. सुनंदाला त्या दिवसांतलं काहीही आठवत नव्हतं. मी म्हटलं, "बरं झालं, तिला आठवत नाही."

"तिले कशाले आठवाले पाहिजे?" सिस्टर म्हणाल्या. "मले आठवते ना."

त्यानंतर आमच्या विभागात 'वेचून राहिली' हा शब्द बंद झाला. सिस्टरांनी बंद केला. कुणी चुकून म्हटलं तर त्या म्हणत, "बोटं हलून राहिली म्हण. बोटं कुठं जातात ते सांग." नवीन मुलींची तुकडी आली की पहिल्या दिवशी त्यांना खाट तीनपाशी नेऊन ही गोष्ट स्वतःच्या नावासकट सांगत. मुली अवघडत. मेट्रननी एकदा सुचवलं की नाव न घेता सांगा. सिस्टर म्हणाल्या, "नाव नाई घेतलं तं पोरींले वाटन, कोन्या अडाणी नर्सनं केलं असन."

दोन-तीन वर्षांनी मी अकोल्याला आले, नोकरी बदलली. मग त्या निवृत्त होऊन बाळापूरला गेल्याचं कळलं. फोनवर ईदला बोलणं होई, तेही थांबलं.

*

बाळापूरला उतरले तेव्हा ऊन कलत होतं. किल्ल्याच्या बाजूनं गल्ल्या विचारत गेले. त्या दारातच बाजेवर बसल्या होत्या. केस पांढरे, चष्मा काळा. मी चप्पल काढली, अजून बोलले नव्हते.

"कोन? जड पायाची हाय कोनीतरी."

"सिस्टर, मी वनिता."

"वनिता! मंग बरोबर. जाड झाली तू."

साखरेनं डोळे नेले होते. लेसर झालं, ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. "आपण दुसऱ्याची बाहुली टॉर्च मारून पाह्यतो," त्या म्हणाल्या, "स्वतःची आरशातबी नाई पाह्यत." सून चहा घेऊन आली. सिस्टरांनी कप अचूक हातात घेतला. माझ्या विभागाचं सगळं विचारलं. किती खाटा, किती मुली, सुट्ट्या मिळतात का.

"आता सलाइनमधल्या औषधाला पंप आहेत," मी सांगितलं. "किती गेलं ते आकड्यात दाखवतात."

"भुकतात काय?"

"पहिल्यापेक्षा जास्त."

"अन् फवारणीवाले येतात?"

"येतात. अजून येतात."

त्यांनी मान हलवली.  मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं, "सिस्टर, सुनंदा आठवते?"

त्यांनी कप खाली ठेवला. चाचपून माझा डावा हात धरला आणि आपल्या मांडीवर पालथा ठेवला. मग उजव्या हाताच्या तीन बोटांची चिमटी करून माझ्या हाताच्या पाठीवर टेकवली. उचलली. पुन्हा टेकवली. त्याच जागी. पुन्हा उचलली, पुन्हा त्याच जागी.

"असं करत होती," त्या म्हणाल्या. "पाह्य बरं. वेचणारी कशी वेचते? एक बोंड झालं का हात पुढं जाते. मागं येत नाई. एकाच जागी दोनदा कापूस नसते वं. तिचा हात तिथंच येऊन राहिला होता, तिथंच येऊन राहिला होता. पिंजाऱ्याची पोर मी. मले समजाले पाहिजे होतं."

  माझा हात त्यांनी आणखी थोडा वेळ धरून ठेवला. मग सोडला आणि सुनेला हाक मारून म्हणाल्या, "हिची बस जाईन, डब्यात दोन पोया बांधून दे."

निघाले तेव्हा त्या भिंतीचा आधार न घेता दारापर्यंत आल्या. मी गल्लीच्या वळणावर मागे पाहिलं. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या आणि मी गेले होते त्याच्या उलट दिशेला हात हलवत होत्या. सुनेनं खांदा धरून त्यांना माझ्याकडे वळवलं. मग त्यांनी पुन्हा हात हलवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर गेले. रात्रीच्या मुलीनं पाळी देताना सांगितलं की सहा नंबरचे आजोबा रात्रभर अंगावरचं ओढत होते, म्हणून हात बांधलेत. मी सही केली. मग खाटेशी जाऊन दोन्ही हात सोडले, स्टूल ओढलं आणि बसले. राउंडची वेळ झाली होती, डॉक्टर दारात येऊन उभे होते. मी त्यांना हातानंच थांबायला सांगितलं आणि आजोबांचा हात कुठे जातो ते पाहत राहिले.